घर विकताय? कनेक्शन कापू नका, आधी मीटर बघा

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून देते:

"बाबांचं घर विकतोय. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आई आता माझ्याकडे असते, त्यामुळे ते घर चार महिने कुलूपबंद आहे. खरेदीखत पुढच्या महिन्यात, आणि चाव्या त्यानंतर दहा दिवसांनी द्यायच्या ठरल्यात. पाण्याचं कनेक्शन अजून बाबांच्याच नावावर आहे. भाऊ म्हणतो कापून टाक, रिकाम्या घराचं बिल कशाला भरायचं. घेणारे म्हणतात चालू राहू द्या. एजंट म्हणतो तुम्ही काही करूच नका, नाव आपोआप बदलतं. त्यात परवा जे बिल आलं ते आम्ही तिथे राहत होतो तेव्हापेक्षा जास्त! कोणाचं ऐकू? आणि मागच्या अंगणात एक जुनी बोअर आहे, तिचंही काही करायचं असतं का?"

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात घाईचा मुद्दा तुम्ही असा जाता जाता लिहून पुढे गेलात, तो म्हणजे परवाचं बिल. कापायचं की ठेवायचं, नाव कसं बदलायचं हे सगळं सांगते, पण आधी ते बिल. कुलूप असलेल्या घरात पाणी खर्च होतंय म्हणजे एकतर ते कुठेतरी गळतंय, नाहीतर दुसरंच कुणी वापरतंय, नाहीतर बिलच चुकलंय, आणि यातलं नक्की काय ते कळायच्या आत तुम्ही चाव्या दिल्यात तर दोन महिन्यांनी घेणाऱ्यांचा फोन येणारच, "ताई, बिल एवढं कसं हो?" तेव्हा कोण कुणाला काय सिद्ध करून दाखवणार?

बिल हातात घ्या आणि रकमेकडे न बघता रीडिंगच्या रकान्याकडे बघा. मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग, आणि त्याच्या आसपास कुठे 'अंदाजे' किंवा 'सरासरी' किंवा 'घर बंद' असं काही लिहिलंय का ते. गेटला कुलूप असलं की रीडिंगवाला बाहेरूनच परत जातो आणि मग ऑफिस जुन्या वापरावरून ठोकताळा लावून बिल पाठवतं. खाली मागची थकबाकी मिळवलीय का तेही बघून घ्या, कितीतरी वेळा वापर वाढला म्हणून घरात आरडाओरडा होतो आणि निघतं काय तर मधलं एक बिल कुणी भरलेलंच नसतं, कारण ते बंद घराच्या दाराखाली पडलेलं असतं. तुमच्याकडे हे होण्याची शक्यता बरीच आहे, चार महिने घर बंद आहे म्हणून म्हणते.

मग त्याच बिलावर मीटरचा नंबर असतो, तो लिहून घ्या आणि मीटरपाशी जा. मीटरच्या डबीवर किंवा झाकणाच्या कडेला तोच नंबर कोरलेला असतो, तो जुळतो का बघा. हसू नका, चार-सहा मीटर एकाच ओळीत लावलेले असतील तिथे शेजारच्याचं बिल आपण आणि आपलं शेजारी असं वर्षानुवर्षं चालू असतं आणि ते उघडकीला येतं घर विकताना. नंबर जुळला तरी एकदा आतला नळ सोडून कुणाला तरी मीटरपाशी उभं करा, चक्र फिरायला लागलं तर मीटर आपलाच.

आता गळतीची परीक्षा. याला प्लंबर लागत नाही, फक्त दीड-दोन तास लागतात. घरातले सगळे नळ बंद, फ्लश भरून शांत झालेले, वॉशिंग मशीनचा नळ बंद, बागेतला नळ बंद. मीटरचं झाकण उघडा, काच ओल्या फडक्याने पुसा (चार महिन्यांची माती असणार) आणि फोटो काढा. बहुतेक मीटरवर काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि लाल आकडे किंवा लाल काटे म्हणजे त्याखालचे लिटर. शेजारी एक छोटंसं त्रिकोणी किंवा चांदणीसारखं चक्र असतं ते सगळ्यात नाजूक, अगदी बारीक धारेलाही ते फिरतं. सगळं बंद असताना ते चक्र हळूहळू का होईना पण फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. फिरताना दिसलं नाही तरी तासाभराने परत फोटो काढा आणि लाल आकडे ताडून बघा.

चक्र फिरतंय असं दिसलं तर घराचा मेन कॉक बंद करा आणि परत बघा. कॉक बंद केल्यावर चक्र थांबलं तर गळती कॉकच्या पुढे, म्हणजे घराच्या आतल्या पाइपात. थांबलंच नाही तर मीटर आणि कॉकच्या मधल्या तुकड्यात, जो बहुतेक जमिनीत पुरलेला असतो, तिथे कुठे जमीन सारखी ओली किंवा गवत एकाच पट्ट्यात जास्त हिरवं दिसतंय का बघा. मात्र जुने गोल मुठीचे कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम झालेले असतात आणि बंद केले तरी पूर्ण बंद होत नाहीत, त्यामुळे कॉक बंद करून थेट लाइनवरचा, म्हणजे टाकीतून न येणारा, एखादा नळ सोडा, धार पूर्ण थांबली तरच कॉक बंद झाला असं धरा. पकड लावून जोर काढू नका हं, दांडा हातात आला तर नसती आफत, तिथे प्लंबरच बोलवा. आणि तो कॉक बदलावाच लागला तर बदलून टाका, घेणाऱ्याला पहिल्या दिवशी लागणारी गोष्ट आहे ती.

गच्चीवर टाकी असेल तर एक गडबड होते. टाकी अर्धी असेल तर मीटर फिरणारच, ती भरतेय म्हणून, गळती नाही. म्हणून आधी टाकी काठोकाठ भरून बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा, तरंगत्या गोळ्याचा नळ) बंद होऊ द्या, मग परीक्षा घ्या. आणि उलटंही आहे, टाकीनंतरच्या पाइपातली गळती मीटरवर लगेच दिसत नाही, टाकीची पातळी खाली जाऊन बॉलकॉक उघडला की मगच दिसते. त्यामुळे टाकी असलेल्या घरात मीटरचा फोटो काढून एक रात्र जाऊ द्या आणि टाकीच्या आत पातळीला खडूने खूण करून ठेवा, सकाळी दोन्ही बघा. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप ओला असेल तर बॉलकॉक गेलाय, चोर तिथेच सापडला.

रिकाम्या घरात मला सगळ्यात जास्त संशय असतो तो फ्लशच्या टाकीचा. आवाज नाही, ओल नाही, आतला वॉशर कडक झालेला असतो आणि पाणी कमोडच्या मागच्या बाजूने गुपचूप उतरत राहतं. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटं थांबा, कमोडमध्ये रंग उतरला की समजा वॉशर गेला. आता हिशोब बघा, एक लिटरची बाटली पाच मिनिटांत भरेल एवढीच बारीक धार धरा. तासाला १२ लिटर, दिवसाला २८८ लिटर, तीस दिवसांत ८६४० लिटर. म्हणजे साडेआठ युनिटच्या वर (एक युनिट म्हणजे एक घनमीटर), आणि घरात एकही माणूस नाही! दोन-तीन माणसांचा संसार तेवढ्या पाण्यात आरामात चालतो, म्हणून तर तुम्हाला बिल "राहत होतो तेव्हापेक्षा जास्त" वाटलं असेल. वॉशर बदलायला वेळ लागत नाही, पण त्याची पावती मात्र जपून ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी गळती दुरुस्त केल्याचा पुरावा दिला तर पाण्याचं ऑफिस वाढीव बिलात काही सूट देतं. देतंच असं नाही, पण अर्ज करायला काय जातंय.

सगळं तपासलं, काहीच गळत नाही, तरी रीडिंग वाढतंय? मग बागेतल्या नळावर, कंपाउंडच्या बाहेरच्या नळावर कुणाची नळी लागते का ते बघा. शेजारी बांधकाम चालू असेल तर आधी तिकडेच. जास्त बोलत नाही.

आता भावाचं म्हणणं. त्याचा हिशोब वरवर बरोबर आहे, वापर नाही तर बिल कशाला. पण कनेक्शन कापणं आणि पाणी बंद करणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि घर विकताना लोक इथेच घोटाळा करतात. कनेक्शन कापलं म्हणजे खातं बंद, ऑफिसचा माणूस येऊन लाइन सील करणार किंवा मीटरच काढून नेणार. परत हवं तर नवा अर्ज, नवी फी, कदाचित तपासणी, आणि जुनं घर असेल तर "आता हा पाइप चालणार नाही, बदला" हेही ऐकावं लागू शकतं. घेणारा हे सगळं का करेल? त्याने चालू पाण्याचं घर बघितलंय आणि त्याच भावात ठरवलंय. तो एकतर किंमत पाडून मागेल नाहीतर म्हणेल पाणी येईपर्यंत उरलेले पैसे देत नाही. तुम्ही दोन महिन्यांचा स्थिर आकार (वापर असो नसो, बिलात लागणारी ठरलेली रक्कम) वाचवायला गेलात आणि व्यवहाराचंच भिजत घोंगडं झालं, हे परवडणारं नाही.

शिवाय घर द्यायच्या आधी पाणी लागतं हो. घेणाऱ्यांनी तपासणीला माणूस आणला तर तो नळाचं प्रेशर बघणार, गीझर लावून बघणार, बाथरूममध्ये दोन बादल्या ओतून पाणी तुंबतं का बघणार. तुम्हालाही घर धुवून द्यायचं असेलच. पाणीच नसेल तर यातलं काहीच होत नाही आणि बघणाऱ्याच्या मनात उगाच शंका येते की यांनी पाणी मुद्दाम तोडलंय, काहीतरी लपवतायत.

म्हणून मधला मार्ग, खातं चालू ठेवा आणि घर रिकामं असेपर्यंत मेन कॉक बंद ठेवा. गळती असो नसो. कुलूपबंद घरात एखादा जोड सुटला तर कळायला आठवडे जातात आणि तोवर फरशी, भिंती, लाकडी कपाटं सगळं फुगलेलं असतं. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा, घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर पाण्याने झालेलं नुकसान भरून देणार नाही अशी अट बऱ्याच पॉलिसीत असते, आणि तुमचे तर चार महिने झाले.

कॉक बंद करताना गीझर विसरायचा नाही. आधी त्याचं बटण बंद, शक्यतो मेन स्विचच, मग पाणी. पाणी नसलेल्या गीझरचं बटण कुणी चुकून लावलं, रंगाऱ्याने किंवा घर बघायला आलेल्या हौशी मंडळींनी, तर आतलं एलिमेंट जळतं. तुमच्याकडे पारा शून्याखाली जात असेल तर नुसता कॉक बंद करून भागत नाही, सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा, गीझर आणि टाकीसुद्धा, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप तिथेच तडकतो. नसेल जात तर हा मुद्दा सोडून द्या.

अजून एक, घर महिनोन्महिने बंद राहिलं की बाथरूमच्या जाळीखालचा आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपातला पाण्याचा अडसर सुकतो आणि गटाराचा वास थेट घरात येतो, झुरळंही येतात. घेणारा दार उघडतो आणि पहिलं काय येतं तर वास. दोन-तीन आठवड्यांनी जाऊन प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर खायचं तेल सोडलं तर ते पाणी लवकर उडत नाही.

पण या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते साचलेलं पाणी, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. चार महिने पाइपात, गीझरमध्ये, शॉवरच्या नळीत जे पाणी पडून आहे ते पिण्याचं राहिलेलं नाही. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर न्यूमोनियासारखा आजार होतो, आणि शॉवर म्हणजे तर तुषारांचंच काम. म्हणून चाव्या द्यायच्या एक-दोन दिवस आधी जा, मेन कॉक हळूहळू उघडा (एकदम उघडलात तर पाइपातली हवा आणि गाळ धाडधाड नळातून येतो), टाकी असेल तर जुनं पाणी काढून ती धुवून घ्या, खिडक्या उघडा, शॉवरचं तोंड काढून ठेवा किंवा बादलीत बुडवून ठेवा, आणि प्रत्येक नळ पाच-दहा मिनिटं सोडा, पाणी स्वच्छ आणि गार येईपर्यंत. नळाच्या तोंडाच्या जाळ्या काढून झटका, त्यात हमखास कचरा असतो. गीझर ६० अंशांपर्यंत तापवून ते पाणीही थोडं थोडं सोडून द्या, फक्त हात जपा, तेवढं गरम पाणी भाजतं. आईला किंवा दम्याच्या कुणाला या कामाला नेऊ नका. वाया जाणारं पाणी झाडांना घाला, तेवढी युनिटं तुमच्या खात्यावर गेली तरी चालतील.

एजंटचं 'आपोआप' मला अजिबात पटत नाही. घर विकलं हे पाण्याच्या ऑफिसला कोण सांगणार? खरेदीखत एका ठिकाणी होतं, पाण्याचं खातं दुसऱ्या ठिकाणी असतं, आणि कुणी अर्ज देत नाही तोवर बिल जुन्या नावानेच निघत राहतं, कधीकधी दहा-दहा वर्षं. काही ठिकाणी दोन्ही नोंदी जोडलेल्या असतात हे खरं, पण तिथेही अर्ज लागतो की नाही ते ऑफिसातूनच विचारून घ्या, एजंटकडून नाही. त्याचं कमिशन खरेदीखतावर आहे, पाण्याच्या बिलावर नाही. ऑफिसात गेल्यावर आणखी एक विचारा, थकबाकी माणसावर राहते की घरावर. ठिकाणाप्रमाणे हे बदलतं. घरावर राहत असेल तर घेणारा थकबाकी नसल्याचा दाखला मागणारच आणि मागायलाच हवा, माणसावर राहत असेल तर ती वसुली बाबांच्या वारसांच्या म्हणजे तुमच्या मागे लागेल. दोन्हीकडून बघितलं तरी परवाचं बिल निस्तरूनच पुढे जायचंय.

बाबांच्या नावाचं काम मात्र आजच सुरू करा, कारण बाकी सगळं तुमच्या हातात आहे आणि हे ऑफिसच्या. ऑफिसला दोन मार्ग विचारा. एक म्हणजे आधी वारसांच्या नावावर खातं आणि मग घेणाऱ्यांच्या, दुसरा म्हणजे बाबांच्या नावावरून थेट घेणाऱ्यांच्या नावावर. दुसरा मान्य करत असतील तर सोन्याहून पिवळं, एक फेरी वाचली. कोणताही मार्ग असला तरी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचे कागद, आईची आणि भावाची सही किंवा संमती, शेवटचं भरलेलं बिल एवढं लागण्याची तयारी ठेवा. भावाला सांगा, कनेक्शन कापायला जाणारच होतास ना, त्याच ऑफिसात जा आणि हे काम कर. घर विकायचे कागद तुम्ही जमवलेच असणार, त्याच फाइलमधून याची झेरॉक्स निघेल.

आता तारखेचा घोळ. खरेदीखत आणि चाव्या यात दहा दिवस आहेत, त्या दहा दिवसांचं पाणी कुणाचं? माझ्या मते सरळ आहे, ज्याच्या हातात चावी त्याचं पाणी. मालकी कागदावर कधीही बदलो, नळ ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच बिल भरावं. पण हे तुमच्या-माझ्या मताने होत नाही, करारात एक ओळ लिहून घ्या की चाव्या देण्याच्या दिवशीच्या रीडिंगपर्यंतचं बिल विकणारे भरतील, पुढचं घेणारे. आणि हो, घेणारे लोक मधेच म्हणतात, "जरा रंगकाम सुरू करू का, एक चावी द्या ना." द्या हवी तर, पण त्या क्षणी रीडिंग घ्या. रंग, फरशी घासणं, सिमेंटचं काही काम निघालं तर त्यावर पाणी मारणं, यात पाणी किती जातं ते बिल आल्यावरच कळतं.

चाव्या द्यायच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरपाशी उभं राहायचं. एकाच फोटोत मीटरचा नंबर आणि आकडे दोन्ही यायला हवेत, नुसत्या आकड्यांचा फोटो कुठल्याही मीटरचा असू शकतो. लाल आकड्यांसकट लिहा. फोटो तिथल्या तिथे एकमेकांना पाठवा म्हणजे तारीख-वेळ दोघांकडे राहते, आणि ताबा दिल्याच्या कागदावर एक ओळ, "मीटर नंबर अमुक, रीडिंग तमुक", खाली दोघांच्या सह्या. पाच मिनिटांचं काम आहे पण पुढचे सगळे वाद इथेच संपतात. त्याच वेळी मेन कॉक कुठे आहे, टाकीचा कॉक कुठला, मोटरचा स्विच कुठला, हे त्यांना फिरवून दाखवा. तुमच्या बाबांनी बांधलेलं घर असेल तर कुठला पाइप कुठून गेलाय हे आईला माहीत असेल, एका कागदावर काढून द्या, फार उपयोगी पडतं. जुन्या घरात शिशाचा पाइप असू शकतो, मऊ करडा, ओरखडा काढला की चकाकतो आणि चुंबक चिकटत नाही, तसा कुठे असेल तर लपवू नका, पिण्याच्या पाण्यात शिसं उतरतं, लहान मुलांना ते फार वाईट.

शेवटच्या बिलासाठी ऑफिसकडे स्पेशल रीडिंग मागा, म्हणजे त्या तारखेपर्यंतचं वेगळं बिल. बहुतेक ठिकाणी आधी कळवावं लागतं, काही ठिकाणी थोडी फी असते, भरा ती. कारण नेहमीचं बिल नंतर येतं आणि मग दोघांनी वाटून घ्यायचं म्हटलं की भांडण. समजा मागच्या बिलावर रीडिंग होतं १४८२, चाव्यांच्या दिवशी १४९७, आणि नंतर आलेल्या बिलावर १५१२. तुमची १५ युनिटं, त्यांचीही १५, अर्धं-अर्धं, बरोबर? तर नाही. बऱ्याच ठिकाणी दर टप्प्याटप्प्याने वाढतात, पहिली काही युनिटं स्वस्त, पुढची महाग. तुमच्या १५ चं वेगळं बिल झालं असतं तर सगळी स्वस्तात बसली असती, ३० एकत्र आल्यामुळे वरच्या टप्प्यात गेली, आणि आता घेणारे म्हणणार स्वस्तातली आमची. स्थिर आकार तर वापरावर नाही दिवसांवर वाटायचा असतो, ६० दिवसांच्या बिलात ४० दिवस तुमचे तर दोन तृतीयांश तुमचा. स्पेशल रीडिंग मिळतच नसेल तर वाटपाची ही पद्धत आधीच लिहून ठेवा, आणि घेणाऱ्यांनी शेवटच्या बिलापोटी थोडी रक्कम राखून ठेवू म्हटलं तर रागावू नका, रास्त मागणी आहे. फक्त रक्कम किती आणि परत कधी ते लिहून घ्या.

फिल्टर, सॉफ्टनर असं काही भाड्याने घेतलेलं असेल तर ते विकू नका म्हणजे झालं, ज्याचं त्याला परत करा.

बोअरचं विचारलंत ते बरं केलंत. आधी तिची कुठे नोंद आहे का, परवानगीचे कागद आहेत का ते शोधा आणि सापडेल ते करारात जोडा. चालू असेल तर पाण्याची एकदा लॅबमध्ये तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको आणि नायट्रेट लिटरला ५० मिलीग्रॅमच्या वर नको. बाटली लॅबकडूनच घ्या, घरची धुतलेली चालत नाही. रिपोर्ट चांगला आला तर घराची किंमत धरून राहायला मदतच होईल, वाईट आला तर "ही बोअर पिण्यासाठी नाही" असं लिहून द्या. आणि प्लंबर आलेलाच असेल तर त्याला एक विचारा, बोअरची लाइन आणि नळाची लाइन कुठे एकमेकांना जोडलीय का. जुन्या घरात सोयीसाठी एक कॉक मधे टाकून दोन्ही जोडलेल्या सर्रास दिसतात, मग नळाचं प्रेशर कमी झालं की बोअरचं पाणी मोटरच्या जोरावर नळाच्या लाइनीत शिरतं, म्हणजे तुमच्याच नाही, शेजाऱ्यांच्याही घरात. नुसत्या एनआरव्हीवर (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर) विसंबू नका, तो जोड तोडूनच टाका. बंद पडलेली बोअर असेल तर तोंड घट्ट झाकण लावून, शक्यतो वेल्डिंग करून बंद करा, उघडी बोअर सोडून घर देऊ नका, लहान मूल पडण्याएवढं तोंड असतं कधीकधी.

बिल ऑटो-डेबिटने जात असेल तर ते शेवटचं बिल भरल्यावरच बंद करा, आधी नाही आणि फार नंतरही नाही, नाहीतर आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, घेणारे अंघोळी करतायत आणि पैसे आईच्या खात्यातून जातायत. खातं बाबांच्या नावाचं असलं तरी बिल कुणाच्या बँकेतून जातंय ते आधी शोधा. ऑफिसात तुमचा आत्ताचा पत्ता आणि मोबाइल नंबर द्या, कारण शेवटचं बिल आणि बाबांनी कनेक्शन घेताना भरलेलं डिपॉझिट परत मिळणार असेल तर तो कागद नाहीतर विकलेल्या घरीच जाईल. डिपॉझिटची जुनी पावती बाबांच्या फायलीत सापडली तर मूळ प्रत ऑफिसात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि त्यावर पोच घ्या.